खारेपणाचं माप

तिसऱ्या खाल्ल्या की अंगाला खाज सुटते,
म्हणाले सगुण रेडकर,
"मगे ह्यां औषध माका चलात?"

वेंगुर्ल्यात हा प्रश्न रोजचा.
दर्यातलं आयोडीन आणि बाटलीतलं आयोडीन
सख्खी भावंडं, असं कुणी कधी सांगून ठेवलंय.
तसं नाही. खाज शिंपल्यातल्या प्रथिनाची.
दमा आहे? हे आधी कधी टोचलंय?
क्रिएटिनिनचा कागद दाखवा.
एक पूर्णांक एक. चालेल.

मग त्यांनी बाटली हातात मागितली,
उजेडात धरली, तिरकी केली.
शिरोड्याच्या आगरात चाळीस वर्षं
पाणी किती पिकलं ते असंच बघितलेलं.
"खारां किती?"
एकाही डॉक्टरने मला हे विचारलं नव्हतं.

रक्ताच्या दुप्पट, वर थोडं.
ही शेजारची महाग, रक्ताइतकीच,
पण काकवीसारखी दाट, कोमट करून द्यावी लागते.
आणि पूर्वीची, स्वस्तातली, पाचपट.
"म्हणजे आगराचां शेवटचां पाणी," ते म्हणाले.
"वडून घेतल्यान आसतला सगळां."

घेतलं होतं.
अठ्ठ्याण्णव साली, रत्नागिरीत, मी नवी.
हमीदा सोलकर टेबलावरच ओकली,
मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले.
दोन बाटल्यांत सातशे रुपयांचा फरक.
नवऱ्याने आधी विचारलं होतं,
फोटो कशात चांगला येतो?
मी खरं तेच सांगितलं,
दोन्हीत सारखाच.

आलाही. यकृताची शीर न् शीर.
इतका स्वच्छ फोटो त्या वर्षी दुसरा निघाला नाही.
ती वाचली.
मी मात्र ते उत्तर तेवढ्यावर कधीच थांबवत नाही आता.

"ऊन लागल्यासारखं वाटेल,"
काचेमागून सांगते, "घशापासून ओटीपोटापर्यंत.
तोंडात तांब्याची चव. लघवी झालीसं वाटेल,
होत नाही. श्वास धरा."
ॲड्रेनॅलिनचा ट्रे हाताशी असतो,
नव्या बाटलीलासुद्धा.

पडद्यावर महारोहिणी उजळली,
भर दुपारच्या आगरासारखी पांढरी.

उठल्यावर त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली.
"खारां नाय," जरा हिरमुसून.
आज पाणी भरपूर प्या, म्हटलं.
दाराशी वळले.
"त्या जुन्या पाण्याचां काय केलास मगे?"
आतड्याच्या तपासाला पाजतो कधी,
पातळ करून. शिरेत नाही.
"पातळ करून," ते पुटपुटले,
आणि बाकाखाली पायानेच
चप्पल शोधू लागले.