होडी

गिरणीत वीज नव्हती म्हणून थांबले,
एवढंच.
वडगावात थ्री फेज चारला येते,
कधी साडेचारला, कधी नुसती येणार असते.
जोंधळ्याचा डबा मांडीवर घेऊन
मैदानाच्या पडक्या कठड्यावर बसले होते.

समोर तेराएक मुली. एकीच्या पायात बूट,
दुसरीच्या पायात भावाचे बूट,
आणि हुक्केरी सर घसा फोडत होते: "होडी! होडी!"
मी वेंगुर्ल्याची. मान वर झालीच.
बघते तर लाल माती, दोन शेळ्या,
पलीकडे मागांची खडखड,
पाणी म्हणावं तर नळाखालचं डबकं.
शेजारच्या पोराला दया आली:
"मावशी, कन्नडात होडी म्हणजे मार की ओ."

मारलं तिनं. हवेला.
तिसऱ्यांदाही हवेलाच,
आणि बॅट ठेवून अशी हसत परतली
जसं कुणी दुकान बंद बघून परततं.
चेंडू टाकणारी येळ्ळूरची भाग्यलता.
पूर्ण भरलेली बादली
एका झटक्यात विहिरीबाहेर काढावी
तसा तिचा हात खालून येई,
आणि चेंडू कधी सुटला ते दिसतच नसे.

सर काठीनं मातीत धावा लिहायचे.
शेळी त्यावरून गेली की वाद:
बारा. नाही, अकरा.
बरं, साडेअकरा.
मी त्या पोराला विचारलं, मग हरलं कोण?
"अजून कुणीच नाही. सराव आहे हा, मावशी,
मोजत नाहीत."

माझ्याकडे सगळं मोजलेलं.
दूध, सिलिंडरचे दिवस,
कुठल्या पाटीवर कुठली लिपी वर, कुठली खाली,
दुकानात कुणी कुणाशी
आधी कुठल्या भाषेत तोंड उघडायचं.
मोजत नाहीत, हे ऐकून
मांडीवरचा डबा मी खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाव डबा घेऊन गेले.
त्याच्या पुढच्या आठवड्यात रिकामाच.
गिरणीवाल्या तिगडीनं झाकण उघडून आत पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि झाकण नीट लावून दिलं.

ओडु म्हणजे पळ. हिडी म्हणजे धर.
शेवटच्या खुणेला, जिथं चुना फासलेलं
एक पोतं अंथरलेलं, त्याला घर म्हणायचं,
मनी.
तिसऱ्या खुणेवर पोर अडकली
की सगळ्या मिळून ओरडत, मनीगी बा, मनीगी बा,
आणि माझ्या कानात आमचंच मनी वाजे,
मनात ये, मनात ये,
आणि ती फुफाट्यासकट येई.

एकदा चेंडूची शिवण उसवली.
वाकळ शिवायच्या दाभणानं मी ती घातली,
लाल दोरा नव्हता, निळा होता.
तेव्हापासून तो चेंडू थोडा डावीकडे जातो.
भाग्यलता म्हणाली, राहू दे, चांगलंय.

मुली सोमवारी दावणगेऱ्याला जाणार.
तिथं म्हणे खरी धावपाटी असते,
पंच असतात, सगळं लिहून ठेवतात.
काल शेवटचा सराव.
रुबिना आली बॅट घेऊन, तीच, हवेला मारणारी,
आणि तेवढ्यात वीज आली,
गिरणीचा पट्टा सुरू झाला,
तिगडी दारातून हात करू लागला.
थांब रे, म्हटलं. हिची पाळी आहे.

निळ्या दोऱ्याचा चेंडू निघाला,
आणि माझ्याच तोंडून आलं, "होडीऽऽ!"
पण ते वेंगुर्ल्याचं निघालं,
लांबवलेलं, हेलाचं,
वाळूवर उभं राहून
कुणाला तरी किनाऱ्याकडे बोलावतात तसं.

रुबिनानं चमकून माझ्याकडे पाहिलं.
चेंडू मागच्या मागे निघून गेला.

मी तोंडावर पदर धरला.
सर काठी टेकून हसत होते:
असू दे ओ मावशी,
आज मोजायचं नाही.