ऐंशी ग्रॅम

वेन्लाने प्रश्नपत्रिका वाटली
आणि प्रश्न वाचायच्या आधी
मी कागद चिमटीत धरून पाहिला.
ऐंशी ग्रॅम. तंतू उभे. आमचा नव्हे.
आमच्या कागदाच्या कडेला असा भुसा सुटत नसे.

सव्वीस वर्षं मी कागद केला,
नदीकाठच्या गिरणीत, तीन नंबरच्या मशीनवर.
मिनिटाला किलोमीटरभर पांढरं
डोळ्यांसमोरून धावत जायचं,
आणि त्यावर मी काय लिहिलं म्हणाल
तर सही. तीही क्वचित.
शेवटची केली ती गिरणी बंद झाल्याच्या पत्रावर.
तो कागद मात्र आमचाच होता.

तेव्हा गावाला उकडलेल्या कोबीचा वास यायचा.
पाहुणे नाक दाबायचे.
आम्ही म्हणायचो, पगाराचा वास आहे, सवय होईल.
आता हवा इतकी स्वच्छ
की दार उघडताना चोरट्यासारखं वाटतं.

रोजगार कचेरीतल्या बाईने तीन पत्रकं पुढे सरकवली:
ट्रक, स्वयंपाक, शुश्रूषा.
मी तिसरं उचललं.
का, तर कागद बरा होता,
असं घरी मार्केत्ताला सांगितलं.
ती हसली नाही.
माझ्या आईच्या शेवटच्या हिवाळ्यात
तिला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं
हे मला येत नव्हतं,
आणि मार्केत्ता तेव्हा दारात उभी होती.

तर एक्कावन्नाव्या वर्षी
शिंगं मोडून वासरांत.
वासरं चांगली आहेत.
उणे अठ्ठावीसमध्ये इफराहची गाडी अडली,
मी बॅटरीला केबल जोडून दिली;
तेव्हापासून ती जेवणाच्या सुट्टीत
माझ्याकडून हाडं घोकून घेते.
पंजात किती?
सत्तावीस.
माझ्या डाव्यात चोवीस, मी म्हणालो,
एक बोट रोलरकडे आहे.
ती गप्प झाली, मग तिने वहीत
खरंच चोवीस लिहून ठेवलं.

बेअरिंग दुखतंय का ते ऐकायला
आम्ही लांब स्क्रूड्रायव्हर लावायचो,
टोक लोखंडाला, मूठ कानामागच्या हाडाला.
त्या हाडालाही नाव असतं, मला आता कळलं.
स्टेथोस्कोप पहिल्यांदा कानात घातला
तेव्हा वेन्लाने विचारलं, काय ऐकू येतंय?
चालू आहे, मी म्हणालो.
वर्ग हसला. मी विनोद केला नव्हता.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक. वृद्धाश्रम, खोली नऊ.
दारावरचं नाव वाचून मी हात दोनदा धुतले.
तौनो. आमचा फोरमन.
ज्याच्या खाकरण्याने अख्खी पाळी सरळ उभी राहायची
तो चादरीखाली एवढासा.
त्याने मला ओळखलं नाही.
मनगट मात्र पकडलं, पूर्वीसारखं:
तीन नंबर तापतंय. बहिरा आहेस का?

पुस्तकात लिहिलंय,
अशा वेळी रुग्णाला शांतपणे वर्तमानात आणावं,
आजचा वार सांगावा, खिडकीबाहेरचा ऋतू दाखवावा.
पान मला पाठ आहे.
बाहेर बर्फ होतं. मंगळवार होता.

मी वाकलो,
पलंगाच्या लोखंडी दांडीला कान लावला,
आणि जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला.
ग्रीस भरलंय, तौनो. आता गार होईल.
दुसरी पाळी आलीय. तू निघ.

त्याने मनगट सोडलं,
लगेच नाही.

वेन्ला तक्ता घेऊन भिंतीशी उभी होती.
स्वच्छता, देहबोली, संवाद, प्रत्येकासमोर चौकट.
तिचं पेन थांबलेलं.
इथे मी काय लिहू? तिने विचारलं,
आणि तक्ता माझ्यापुढे धरला.

बोटांना आधी कळलं.
सत्तर ग्रॅम, फार तर.
हलक्या हाताने लिही, मी म्हणालो,
पलीकडे उमटतं.