एकोणपन्नासच्या खाली

रविवार, केंडल. आमची गल्ली उताराची.
आधी कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक ओढला,
मग उताराच्या बाजूने दोन्ही चाकांना ठोकळे,
मग तिला सोडवून
गाडी चार हात पुढे, सपाटीला घेतली.
हेरंब चहाचा मग धरून दारात:
'कशाला उघडतेस? चालतंय की.'

आमच्या कोल्हापूरचं अख्खं तत्त्वज्ञान
या दोन शब्दांत मावतं.

टो बारच्या गोळ्यावरची टोपी काढली.
चकचकीत. आरशासारखा.
त्यात माझं नाक मोठं, मागचे डोंगर वाकलेले.
घासलेलंच जास्त चमकतं गं, बाबा म्हणायचे,
चकाकीला तब्येत समजू नको.
उद्यमनगरात तेहेतीस वर्षं लेथपुढे उभे राहिले ते.
त्यांचा व्हर्नियर माझ्याकडे असतो,
लग्नात दिलेला, जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून,
मंगळसूत्राहून जड.

नवा गोळा पन्नास मिलिमीटरचा असतो.
आडवा मोजला: एकोणपन्नास पॉइंट सात.
ओढण्याच्या दिशेने मोजला: अठ्ठेचाळीस पॉइंट नऊ.
एकोणपन्नासच्या खाली गेला की टाकायचा.
तीनदा मोजलं. आकडा लाजला नाही.

आपल्याकडे झिजण्याचं कौतुक फार.
आई घरासाठी झिजली, मास्तर शाळेसाठी,
चंदन तर शाळेपासून पाठ.
लोखंडाबद्दल असं कुणी बोलत नाही.
बाराशे किलोचं घर मागून धावत येताना
शॅपच्या उतारावर
एका मिलिमीटरचा त्याग कुणाच्या कामाचा?

दोन बोल्ट, सोळाचे, गंजाने एकजीव.
आदल्या रात्री तेल मारून ठेवलं होतं.
पान्याला लांब नळी जोडली, पाय भिंतीला टेकवला,
आणि पहिला बोल्ट असा काही किंचाळला
की मिसेस पॉसलथ्वेट खिडकीत आल्या.
जुने नट मी डब्यात टाकत होते, असू देत म्हणून.
मग आतली नायलॉनची कडी बघितली:
आटे उमटून गेलेले.
तिची पकड एकदाचीच असते.
नवे नट, नवे बोल्ट, डोक्यावर आठ पॉइंट आठ कोरलेलं.
पट्टीवरचा रंगाचा पापुद्राही खरवडला,
रंग दबतो आणि मग बोल्ट सैलावतो.
टॉर्क रेंच पुस्तकातल्या आकड्यावर लावला.
ओढत गेले, ओढत गेले,
टक्.
तिथं थांबायचं.
अजून जरासं, हा मोह आपला असतो, बोल्टचा नव्हे.

हेरंबने ग्रीसचा डबा पुढे केला.
'नको. कपलिंगमधले पॅड घर्षणावरच जगतात,
कालच नवे बसवलेत. ग्रीस लागलं
तर मागचं घर रस्त्यावर नाचेल.'
'म्हणजे सगळीकडे वंगण चालत नाही तर,'
तो म्हणाला. सकाळपासूनचं
पहिलं शहाणं वाक्य.

जुना गोळा व्हर्नियरच्या जबड्यात धरून
फोटो बाबांना पाठवला.
मिनिटात उत्तर: फेकून दे. विचारतेस काय?
मी लिहिलं: आणि तुमचा खुबा?
डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून वर्ष झालंय,
गोळा वाटीत घासतोय, हाडावर हाड.
दोन निळ्या खुणा.
टायपिंग. थांबलं. पुन्हा टायपिंग.
चालतंय की.

नव्या बोल्टना पन्नास मैलांनंतर पुन्हा विचारायचं असतं.
शनिवारी कार्लाइलच्या अलीकडे ले-बायमध्ये थांबलो,
वारा असा की दार उघडेना.
ओल्या डांबरावर गुडघे टेकून रेंच लावला.
टक्. दुसरा, टक्.
तिथूनच, उठण्याआधी, कोल्हापूरला फोन केला.
रिंग वाजत राहिली.
मोबाइल स्वयंपाकघरात असणार, चार्जिंगला,
आणि खुर्चीपासून तिथवर
चौदा पावलं आहेत.
मी मोजत राहिले.