खिडकी क्रमांक तीन

सान पेद्रोची नोंदणी कचेरी आठला उघडते.
ते चौघे पहाटेच आलेले असणार,
म्हाताऱ्याच्या विजारीला उसाचं पाचट
अजून दवानं चिकटलेलं.

ओनेल प्येर. अंगठेबहाद्दर म्हणावं
तर अंगठाही उरलेला नाही,
कोयत्याच्या मुठीनं रेघ न् रेघ पुसलेली.
यंत्र तीनदा म्हणालं, ओळख पटत नाही.
तो हसला. बाई, साठ हंगाम ऊस तोडला,
पेन्शन राहू द्या.
मेल्यावर नोंद कराल ना,
तेवढी माझ्या नावानं करा.
आमच्यातला एक परक्याच्याच नावानं पुरला गेला.

त्याची सून मिर्लांद. हक्क हा शब्द
सबंध सकाळ तिच्या तोंडी आला नाही.
मेहेरबानी, उपकार, देव तुमचं भलं करो,
आणि पिशवीत माझ्यासाठी चार आंबे.
"आई, आंबे आत ठेव."
ही यामिले, सतरा वर्षांची,
फोनवर राज्यघटना उघडून काचेला टेकवलेली,
कलमाखाली पिवळी रेघ.
"इथं जन्मले मी. वाचा. मोठ्यानं वाचा."
परीक्षेचे अर्ज शुक्रवारी बंद होतात.

मी वाचलं. मोठ्यानं नाही.
हिच्या वयाची असताना मीही मोर्चात...
नाही, खोटं कशाला. टायपिंग शिकत होते.
चोपन्नाव्या वर्षी हक्क म्हणजे
उरलेली रजा, गुडघ्याची गोळी,
वरून आलेल्या परिपत्रकाआड बसायची मुभा.
"संगणकात तुमचं नाव नाही," म्हटलं.
हे वाक्य मला झोपेतही येतं.

तेवढ्यात धाकटा, पाचेक वर्षांचा,
पाय आवळून:
"मला शू लागलीय."
दारावर पाटी आहे: फक्त कर्मचाऱ्यांसाठी.
त्याला वाचता येत नव्हतं.
त्यानं हात पुढे केला,
मागतात तसा नाही,
किल्ली त्याचीच होती आणि मी ठेवायला घेतली होती, तसा.

दिली.

परत आला तो ओल्या हातांनी.
उंची पुरेना म्हणून काउंटरला लोंबकळला
आणि यामिलेच्या अर्जावर पंजा उमटला,
अर्धा नावाच्या चौकटीत, अर्धा बाहेर.

ओला अर्ज नियमानं बाद.
मी तो पंख्याखाली धरला.
बारा वाजले. साडेबारा. जेवणाची सुट्टी सरली.
खिडकी लावली नाही.
रांगेतून कुणी ओरडलं, चाललंय काय?
वाळतोय, म्हटलं. थांबा.