काचपट्टी

साइट इंजिनिअर डोंगरवार आले, बूट दाराबाहेर काढले,
बेडरूमच्या भेगेवर काचेची एक पट्टी
प्लास्टरनं चिकटवून गेले.
खाली मार्करनं तारीख: १२ मार्च.
म्हणाले, ही तडकली तर भिंत चालते आहे.
तडकली, तरच मदतीचा अर्ज पुढे सरकतो.
सहा महिने. हात लावू नका.

वाठोड्याची काळी माती.
पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात
तळहात आत जाईल एवढी उलते.
तिच्यावर तीन मजले उभे केले ज्यानं
त्याच्या ऑफिसात आता लग्नपत्रिका छापतात.
शटर तेवढं तेच आहे.

आधी निजताना आम्ही एवढंच मागायचो,
भेग वाढू नये.
आता काय मागावं ते ठरत नाही.
वच्छला दिवा लावते अन् नुसती उभी राहते.

मे महिना. कूलरच्या घरघरीत मी कान देऊन पडलेला.
टक् झालं की उठतो, बॅटरी मारतो.
पाल.

बी विंगच्या परात्यांची पट्टी जूनमध्ये फुटली.
सगळ्या जिन्याला चहा पाजला त्यांनी,
वहिनी हसता हसता रडून राहिल्या होत्या.
‘तुमची कधी जी, हेडाऊ काका?’
पोट्टे विचारतात, दहावीचा निकाल विचारावा तसं.

एका रात्री बत्ता घेतला होता हातात.
काच केवढीशी, माझ्या बोटाएवढी.
वच्छला अंथरुणातूनच बोलली,
‘ठेवा जी तो जागेवर.
चौतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली,
रुपया इकडचा तिकडे झाला नाही.’

बत्ता खलात ठेवला.
पाच तारखेला हप्ता गेला, नेहमीसारखा.

१२ सप्टेंबरला डोंगरवार आले. चष्मा कपाळावर सरकवला.
काच शाबूत.
अन् तिच्यापासून वीतभर लांबून
दुसरीच एक भेग,
स्विचबोर्डाला वळसा घालून
थेट स्लॅबपर्यंत गेलेली.
तिच्यातून शेजारच्या बांत्यांचा ट्यूबलाइट दिसतो,
रात्री ते कधी निजले तेही कळतं.

फॉर्मवर रकाना एकच:
पट्टी तडकली? होय / नाही.

बराच वेळ उभे होते बिचारे, पेनाचं टोपण दातात.
वच्छलानं पाणी आणलं, ते तसंच राहिलं.
मग त्यांनी पिशवीत हात घातला
अन् दुसरी पट्टी काढली.

मी स्टूल धरला.