मागच्याचा दिवा

मेरिसव्हेलच्या पेट्रोल पंपावर, सकाळी सातला,
आठ क्वाड, नऊ माणसं, एक कुत्री.
व्हर्ल प्रत्येक टायर अंगठ्याने दाबून बघतो,
तान्ह्या पोराचं पोट बघावं तसं.
मला म्हणतो, नियम एकच.
पुढे कोण कुठे गेलं ते बघायचं नाही.
मागच्याचा दिवा दिसतोय का, तेवढं बघायचं.
नाही दिसला, की थांबायचं.
फाट्यावर तर थांबायचंच.

मी रिचफिल्डच्या दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते.
यातल्या पाच जणांचं कोलेस्टेरॉल मला पाठ आहे.
तरी लोरेटाने डोनटचा खोका पुढे केला
आणि आम्ही सगळ्यांनी
एकमेकांकडे न बघता खाल्ले.

मग चढ.
आधी चिखल, मग चिखलाला पांढरी कड,
मग रस्ता नाहीच, नुसती चाकोरी.
या लोकांकडे बर्फाला म्हणे बरीच नावं आहेत.
माझ्याकडे एकच होतं,
म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यांतून काढत गेले:
सावलीतला रवा,
उन्हातला जास्त भिजलेला साबुदाणा,
फांदीवरून थेट मानेत आलेली पिठीसाखर,
आणि नऊ हजार फुटांवर, चाकाखाली कचकचणारी
कोरडी भगर.

या गाडीचा सगळा वेग उजव्या अंगठ्यात असतो.
दोन पदव्या घेऊन शेवटी
मी अंगठाबहाद्दर झाले,
आणि तो अंगठाही तासाभरात बधिर.

कोल्बी मध्येच चाकोरी सोडून डावीकडे घुसला
आणि पोटापर्यंत रुतला.
विंचचा दोर स्प्रूसच्या बुंध्याला,
चौघं ढकलायला, कुत्री भुंकायला.
त्याला कुणी काही बोललं नाही.
नेड्राने थर्मासच्या झाकणात गरम चॉकलेट ओतलं,
पहिलं त्याला दिलं.
मला वाटतं, बोलणी खाणं त्याला सोपं गेलं असतं.

फाट्यावर थांबले. मागे वळून बघितलं.
माझ्यामागे फक्त व्हर्ल असतो.
दिवा नाही.
इंजिन बंद केलं,
तर एवढी शांतता
की हेल्मेटमध्ये माझाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटला.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.
सातवीत फळ्यावर लिहिलं होतं मी, सुवाच्य अक्षरात.
मागच्याला ठेच लागली तर?
त्याचं काही लिहून ठेवलेलं नाही.

तीन वेळा पुढे-मागे करून क्वाड वळवली,
उलटी गेले, स्वतःच्याच चाकांच्या खुणांवरून.

व्हर्ल धडधाकट होता.
ॲस्पेनची पडलेली फांदी ओढत होता,
कोल्बीच्या त्या डावीकडच्या खुणेवर आडवी टाकायला.
खाली ओढा आहे, म्हणाला, वरून दिसत नाही.
उद्या कुणीतरी येईल, चाकाची खूण बघेल,
आणि विश्वास ठेवेल.
चाकोरीबाहेर जा, असं मला भाषणांतून सांगणारे
कुणी हा ओढा पाहिलेला नसणार.
मी फांदीचं दुसरं टोक धरलं.

तुझा दिवा बंद होता, मी म्हटलं. जरा रागानेच.
त्याने वाकून बघितलं. काचेवर टिचकी मारली.
बल्ब गेलाय, म्हणाला. मला कसा कळणार?
तो फक्त तुलाच दिसतो.

परत फाट्यावर आलो
तर वरच्या वळणापर्यंत सगळे थांबलेले,
थेन माझ्यासाठी, थेनसाठी नेड्रा,
नेड्रासाठी शॉना,
सगळ्या गाड्यांची तोंडं आमच्याकडे,
भर दुपारी दिवे लावलेले.
कुणी विचारलं नाही काय झालं.

लोरेटाने खोका उघडला. एकच उरला होता.
व्हर्लला दे, सगळे म्हणाले.
त्याचा आकडा मला माहीत होता.
अर्धा मी तोडून घेतला.