खाचेचे आठ हजार

विश्रामबागच्या दुकानात मुजावर म्हणाला,
सीडीच्या खाचेचा हा, आठ हजार जास्त.
बिनखाचेचा न्या की, ताई,
आता कोण सीड्या घालतंय?

पुरात जुना डबा गेला.
कंट्रोलर हलवला की आत गाळ वाजायचा.
सीड्या मात्र धुऊन
गच्चीवर वाळत घातल्या होत्या पापडांसारख्या,
भरतेशनं एकेक उलटली होती.

आठ हजार भागिले सात सीड्या.
त्यातल्या दोन ओरखडलेल्या,
एक तर कधीच आवडली नव्हती.

खाचेचाच घेतला.

रात्री तीच निळी गाडी निघाली,
पण पहिल्या फेरीपासून.
आमची बत्तिसावी जुन्या डब्यातच होती,
कृष्णेनं नेलेली.

भरतेशला पुण्याला फोन लावला.
हप्ता किती बसतो, म्हणाला.
मग जरा थांबून,
दुसरा कंट्रोलर दिलाय का गं सोबत?